लाल आठवडा

दारातली मुलगी यादीत नाव शोधण्याआधी एकच विचारते, "हजबंड-वाइफ दोघंही आलेत ना?" आलेत. ताई आहे, दाजी आहेत, नववीतली भाची आहे आणि आकडेमोडीसाठी म्हणून ताईने ओढून आणलेला मी. माझ्याकडे ती जरा साशंक नजरेने बघते, पण जोडपं पूर्ण आहे म्हटल्यावर आत सोडते. एकट्या नवऱ्याला किंवा एकट्या बायकोला इथे प्रवेश नाही. "घरी विचारून सांगतो" ही मराठी माणसाची जुनी पळवाट दारातच बुजवलेली आहे.

रविवारची दुपार आहे. बाणेरमधल्या एका हॉटेलचा हॉल, त्यात वीसेक गोल टेबलं, प्रत्येक टेबलाशी एक जोडपं आणि एक टायवाला मुलगा किंवा ब्लेझर घातलेली मुलगी. गाणी इतकी मोठ्याने लावली आहेत की शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते ऐकू येऊ नये. कोपऱ्यात लहान मुलांसाठी रंगपेट्या आणि फुगे. दाजींनी मॉलमध्ये एक कूपन भरलं होतं, त्यावरून फोन आला, "सर, तुमचं नाव सिलेक्ट झालंय, तीन रात्री-चार दिवसांचं व्हाउचर फ्री, फक्त नव्वद मिनिटं द्यायची." दाजी महावितरणमध्ये अभियंता आहेत. फुकट मिळणाऱ्या गोष्टीमागे मीटर कुठे बसवलंय हे त्यांना कळायला हवं होतं, असं ताई वाटेत दोनदा म्हणाली आहे. तरी ती आली आहे, कारण सहलीची हौस तिलाही आहेच.

आमच्या टेबलावरचा मुलगा चोविशी-पंचविशीचा. "गुड आफ्टरनून सर, मॅम" पासून सुरुवात करतो, ताईने "गाव कुठलं तुझं?" विचारल्यावर "परभणी" म्हणतो आणि मग मराठीत येतो. त्याच्यापुढे एक छापील फॉर्म आहे. वर्षातून किती वेळा फिरायला जाता? कुठे? खर्च किती? गाडी कोणती? घर स्वतःचं? क्रेडिट कार्डं किती आणि लिमिट काय? वरचे दोन प्रश्न सहलीचे आहेत, खालचे सगळे ऐपतीचे. दाजी गाडीचं मॉडेल अभिमानाने सांगतात. ताई टेबलाखालून त्यांच्या पायाला पाय लावते.

"मॅम, तुमच्या स्वप्नातली तीन ठिकाणं सांगा."

"केरळ. काश्मीर." ताई थांबते. "आणि माथेरान."

तिसरं ठिकाण त्याला फारसं आवडलेलं दिसत नाही, पण तो लिहून घेतो. मग टॅब्लेट उघडतो. मुन्नारच्या चहामळ्यांतल्या खोल्या, मनालीतला बर्फ, गोव्यातला पोहण्याचा तलाव. खोलीला लागून छोटं स्वयंपाकघर, भांडी, फ्रिज. ताई इथे पहिल्यांदा पुढे सरकून बसते. सासूबाईंना बाहेरचं तिखट चालत नाही. सहलीत स्वतःचा चहा आणि मऊ भात करता येणं ही तिच्या दृष्टीने चैन नाही, गरज आहे. हॉटेलच्या साध्या खोलीत हे मिळत नाही, हे मान्य करावं लागतं.

"कन्सेप्ट एकदम सोपा आहे," तो सांगतो. "२५ वर्षं, दर वर्षी सात रात्री. आजच्या भावात उद्याची सुट्टी."

टाइमशेअरची ही कल्पना खरोखरच सोपी आहे आणि तितकीच जुनीही. १९६० च्या दशकात युरोपात ती रुजली. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली हापिमाग ही कंपनी निघाली. फ्रान्सच्या आल्प्समध्ये बर्फावर घसरायला येणाऱ्यांना वर्षातले ठरावीक आठवडे विकले जाऊ लागले. एका घराचे बावन्न आठवडे बावन्न कुटुंबांत वाटले, तर घराची किंमत वाटली जाते आणि घर रिकामं राहत नाही. अडचण एवढीच होती की दर वर्षी त्याच आठवड्याला त्याच डोंगरात जाऊन माणसं कंटाळली. मग १९७४ मध्ये अमेरिकेत आरसीआय आली, आणि आपला आठवडा देऊन दुसऱ्याचा दुसरीकडचा आठवडा घेण्याची सोय झाली. भारतात स्टर्लिंगने १९८० च्या दशकात हा धंदा आणला, महिंद्राचा क्लब १९९६ पासून आहे. तोवर आठवडा ठरावीक राहिला नव्हता, घरही ठरावीक राहिलं नव्हतं. उरला तो हंगामाचा रंग.

तो रंग आता टॅब्लेटवर येतो. निळा म्हणजे कोणी फिरकत नाही तो काळ, पांढरा म्हणजे मधला, लाल म्हणजे गर्दीचा. दिवाळी लाल, नाताळ लाल, मे महिना लाल.

"मॅम, तुम्ही टीचर ना? मग तुम्हाला लालच लागणार."

बरोबर ओळखतो. ताईला सुट्टी दिवाळीत आणि मे-जूनमध्ये, म्हणजे साऱ्या महाराष्ट्राला असते तेव्हाच. पावसाळ्यातल्या निळ्या सात रात्री तिला फुकट दिल्या तरी शाळेत चाचणी परीक्षा असते.

"माणसं किती?"

"आम्ही तिघं आणि आई."

स्टुडिओ खोलीत दोन मोठे आणि बारा वर्षांच्या आतली दोन मुलं बसतात. भाची चौदाची, सासूबाई चौऱ्याहत्तरच्या. म्हणजे एक बेडरूमचं घर हवं. लाल रंग, एक बेडरूम. मुलगा आकडा तोंडाने सांगत नाही, कागदावर लिहून कागद फिरवतो. ४,५०,०००. खाली बारीक अक्षरात वार्षिक शुल्क १८,००० अधिक जीएसटी.

मग तो एक उभी रेघ मारतो. डावीकडे हॉटेल, उजवीकडे मेंबरशिप. अशी खोली आज रात्रीला आठ हजारांना पडते, सात रात्रींचे ५६,०००. दर वर्षी आठ टक्क्यांनी भाव वाढले, तर २५ वर्षांत जवळजवळ ४१ लाख. उजवीकडे साडेचार लाख. रेघेच्या दोन बाजूंना हे दोन आकडे ठेवून तो पेन खाली ठेवतो आणि गप्प बसतो. ही गप्प बसण्याची जागाही त्याला शिकवलेली असणार.

दाजी माझ्याकडे बघतात. मी त्याच कागदाच्या कडेला लिहायला लागतो.

त्याची डावी बाजू आठ टक्क्यांनी फुगते आहे, उजवी मात्र जागची हलत नाही. वार्षिक शुल्क तिच्यात धरलेलंच नाही. १८,००० वर अठरा टक्के जीएसटी म्हणजे २१,२४० रुपये. ते दर वर्षी सहा टक्क्यांनी जरी वाढलं, तरी २५ वर्षांत साडेअकरा लाखांवर जातं. म्हणजे उजवीकडचा आकडा साडेचार नव्हे, सोळा लाख.

"तरी ४१ पेक्षा कमीच ना सर?"

कमीच. पण ४१ लाख २५ वर्षांत थोडे थोडे जायचे आहेत आणि साडेचार लाख आजच द्यायचे आहेत. म्हणून मी एका वर्षाचाच हिशेब मांडतो. साडेचार लाख बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले, तर व्याज २९,२५०. त्यात शुल्काचे २१,२४० मिळवले की ५०,४९०. भागिले सात. एका रात्रीला ७,२१३ रुपये, आणि यात मुद्दल हातचं गेलं ते वेगळंच. दाजी म्हणतात व्याजावर कर बसतो. कर वजा केला तरी सव्वासहा ते साडेसहा हजारांच्या मध्ये कुठेतरी येतं. तेही सातही रात्री वापरल्या तर. पाच वापरल्या की भागाकार पाचने.

"आणि हॉटेलचे भाव वाढतील त्याचं काय?" मुलाचा प्रश्न रास्त आहे. भाव वाढतील आणि तेव्हा आज भरलेल्या पैशाची किंमत कळेल. पण शुल्कही वाढेल. सहा टक्क्यांनी बारा वर्षांत ते दुप्पट होतं. तेव्हा नुसत्या शुल्कापोटीच रात्रीला सहा हजार जात असतील. गोठवलेला असतो तो फक्त आजचा चेक.

भाची इतका वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून आहे. ताई तिला रागावणार तेवढ्यात ती मोबाइलच टेबलावर ठेवते. तिने टॅब्लेटवरच्याच रिसॉर्टचं नाव हॉटेल बुकिंगच्या ॲपवर घातलं आहे. मेंबर नसलेल्यांनाही तिथे खोली मिळते. दिवाळीच्या आठवड्यात रात्रीला ९,५००. जुलैत तीच खोली ४,२००.

हॉलमध्ये कोणी मांडली नाही इतकी स्पष्ट गोष्ट तिने मांडली आहे. दिवाळीत सात रात्री खरोखर मिळाल्या आणि खरोखर वापरल्या, तर सव्वासात हजारांत साडेनऊची खोली पदरात पडते, सौदा चांगला. पावसात गेलात तर चार हजारांच्या खोलीला सात मोजले. मेंबरशिप महाग की स्वस्त हे कंपनी ठरवत नाही, तुमचं कॅलेंडर ठरवतं.

"दिवाळीचं बुकिंग मिळतं का पण?" ताई विचारते.

"मिळतं मॅम. आधी करायचं फक्त. सात-आठ महिने."

"म्हणजे मार्चमध्ये."

"हो, विंडो उघडल्या उघडल्या. सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी."

ताई दाजींकडे बघते. दाजी पंख्याकडे.

मागच्या टेबलावर पांढऱ्या सफारीतले एक काका उठून उभे राहिले आहेत. त्यांच्या आवाजापुढे गाणीही कमी पडतात. "हे त्या पॅनकार्डसारखं नाही ना? तेवढं सांगा, मग पुढचं बोलू."

आजूबाजूच्या तीन-चार टेबलांवरच्या माना वळतात. महाराष्ट्रात या हॉलमध्ये हा प्रश्न आल्याशिवाय राहणार नव्हता. पॅनकार्ड क्लब्जनेही हॉटेलच्या रात्रीच विकल्या होत्या. राहायला जा, नाही तर मुदतीनंतर वाढीव पैसे घ्या, असा तो मामला होता. राहायला फारसं कोणी जाणार नव्हतंच; लोकांनी ती ठेव म्हणूनच घेतली. पन्नास लाखांहून अधिक गुंतवणूकदार, सात हजार कोटींहून अधिक रक्कम. सेबीने २०१४ मध्ये ही सामूहिक गुंतवणूक योजना आहे, तीही विनापरवाना, असं म्हणून नव्याने पैसे घेण्यावर बंदी आणली आणि २०१६ मध्ये पैसे परत करण्याचा आदेश दिला. नंतरच्या वसुलीच्या आणि लिलावांच्या बातम्या अनेक घरांनी कात्रणं काढून जपल्या.

काकांच्या टेबलावरची ब्लेझरवाली मुलगी शांतपणे म्हणते, "नाही काका. आमच्यात पैसे परत मिळतच नाहीत. फक्त राहायला मिळतं."

हॉलमधलं आतापर्यंतचं सर्वांत प्रामाणिक वाक्य हेच असावं. काका बसतात. समाधान झाल्यासारखे दिसतात, आणि विचारातही पडलेले.

दाजींना त्यावरून सुचतं. "मग आपल्या नावावर काय होतं? सातबारा, इंडेक्स टू, असं काही?"

"मेंबरशिप होते सर. वापराचा हक्क. तुमच्यानंतर मुलीच्या नावावर ट्रान्स्फर होऊ शकतो."

"म्हणजे शुल्कही तिच्या नावावर," भाची म्हणते. नववीतल्या मुलीला हे सुचावं याचं मुलालाही हसू येतं.

विकायची झाली तर? विकता येते, ट्रान्स्फर फी भरून. मी मोबाइलवर जुन्या मेंबरशिपच्या जाहिराती काढून दाजींपुढे धरतो. माणसं भरलेल्या पैशाच्या बऱ्याच खाली उतरून विकायला तयार आहेत. यातून दोन अर्थ निघतात. नवी मेंबरशिप मालमत्ता म्हणून धरू नका, हा पहिला. आणि ज्याला खरंच हवी आहे, त्याने आधी जुनी मिळते का बघावं आणि हस्तांतर कंपनीकडून लेखी मान्य करून घ्यावं, हा दुसरा.

एवढ्यात घंटा वाजते. माइकवरून एका जोडप्याचं अभिनंदन होतं, टायवाले सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात. टाळ्या संपता संपता आमच्या टेबलावर एक नवा माणूस येऊन बसतो, चाळिशीचा, सूट घातलेला, सीनियर मॅनेजर. मुलगा आपोआप खुर्ची मागे घेतो. मॅनेजर आधीचा कागद बघतो, चुकचुकतो, साडेचारवर काट मारतो आणि ३,९५,००० लिहितो. पहिल्या वर्षाचं शुल्क माफ. पंधरा टक्के आज, बाकीचे हप्त्यांत. "पण ही ऑफर आजची आहे. तुम्ही या हॉलमधून बाहेर पडलात की सिस्टिम मला हा रेट देत नाही."

"उद्या सकाळी शाळेआधी येऊन चेक दिला तर?" ताई विचारते.

"मॅम, उद्या साडेचारच."

"एका रात्रीत पंचावन्न हजारांनी वाढतं म्हणजे काय वाढतं त्यात?"

याला उत्तर नाही. मॅनेजर हसून पाणी मागवतो.

ताई करारनामा मागते. देतात, पण "इथेच बघा, घरी नेता येणार नाही" असं सांगून. ताई उत्तरपत्रिका तपासते तशी पानं उलटू लागते. मी शेजारी वाचतो. गेलात न गेलात, वार्षिक शुल्क भरायचंच. ते न भरल्यास बुकिंग बंद. न वापरलेल्या रात्री पुढच्या वर्षी नेता येतील, पण शुल्क चुकतं असेल तरच. ऐनवेळी रद्द केल्यास रात्री बुडणार. जेवणखाण वेगळं. वाद झाला तर लवाद दुसऱ्या राज्यातल्या शहरात. आणि शेवटून दुसऱ्या पानावर, प्रतिनिधीने तोंडी दिलेलं कोणतंही आश्वासन कंपनीवर बंधनकारक नाही.

गेल्या तासाभरात ऐकलेलं जवळजवळ सगळं या एका कलमाने पुसून टाकलं आहे. परभणीच्या मुलाने हे पान कधी वाचलं असेल का, असा प्रश्न पडतो.

एक चांगलं कलमही आहे. सही केल्यापासून दहा दिवसांत लेखी कळवलं तर रद्द करता येतं. युरोपीय संघात ही मुदत कायद्यानेच चौदा दिवसांची आहे आणि तेवढ्या काळात आगाऊ एक पैसाही घ्यायला बंदी आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. करारात लिहिलं असेल तेवढीच मुदत. बाकी आधार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा. फसवी जाहिरात, अनुचित व्यापारी प्रथा, ग्राहकावर एकतर्फी अटी लादणारा करार यांविरुद्ध तक्रार करता येते, ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे. पण तक्रारीत कागद बोलतो. म्हणून जे तोंडी सांगितलं ते ईमेलवर मागायचं, आणि दहा दिवसांतली पहिली संध्याकाळ करार पुन्हा वाचण्यात घालवायची.

ताई करार मिटते. भरायच्या फॉर्मची पाठ कोरी आहे, ती पुढे ओढते आणि पेन दाजींच्या हातात देते.

"लिहा. मागच्या दिवाळीत आपण कुठे होतो?"

"गुहागरला. गावाकडे."

"त्याआधीच्या?"

"घरीच. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन."

"त्याआधी?"

दाजी आठवतात. "निघालो होतो महाबळेश्वरला."

"निघालो नव्हतो. बॅगा भरल्या होत्या. तुमच्या सबस्टेशनला काहीतरी झालं."

"ट्रान्स्फॉर्मर गेला होता."

"लिहा, ट्रान्स्फॉर्मर. आता मे. यंदाच्या मेमध्ये?"

चुलत दिराच्या मुलीचं लग्न. त्याआधीच्या मेमध्ये वादळी पावसाने लाइनी पडल्या, दाजींची रजा रद्द. त्याआधी आंबे काढायला गाव. गणपतीत तर प्रश्नच नाही. कोकणातल्या माणसाची पाच दिवसांची रजा जन्मतःच ठरलेली असते. पुढचं वर्ष दहावीचं, त्यानंतर अकरावी-बारावी आणि क्लास. फॉर्मची पाठ भरत आली आहे आणि चौघांनी मिळून सात रात्री कुठे काढल्या, अशी एकही ओळ तिच्यावर नाही.

मॅनेजरला हा कागद म्हणजे संधी वाटते. "बघा मॅम, म्हणूनच! मेंबरशिप असेल तर माणूस जातो. पैसे भरलेत म्हटल्यावर वेळ काढतोच."

हे विकायचं बोलणं असलं तरी खोटं नाही. याचा पुरावा शेजारच्याच टेबलावर बसला आहे. तिथले सर आधीपासून मेंबर आहेत, आज साडूंना घेऊन आले आहेत. आमचं बोलणं ऐकून तेच वळतात. कॉलेजात शिकवतात, बायको बँकेतून निवृत्त झालेली. "आम्ही दर वर्षी जातो. विंडो उघडते त्या रात्री मी जागा असतो. सुट्ट्यांचं वेळापत्रक विद्यापीठ आधी लावतं, बदलत नाही. कूर्ग, मुन्नार, नैनिताल झालं. सकाळचा नाश्ता हिचा, रात्रीची खिचडी माझी. ही मेंबरशिप नसती तर दर वर्षी 'पुढच्या वर्षी नक्की' करत बसलो असतो."

"साडूंना आणल्याबद्दल काही मिळतं का?" मी विचारतो.

"दोन रात्री," ते लगेच सांगतात. "पण त्यांनाही मी कॅलेंडर घेऊन बसवलंय. त्यांचं दुकान आहे. दिवाळी म्हणजे त्यांचा सीझन. मी म्हटलं, तू लाल घेऊ नकोस, पांढरा घे. जानेवारीत दुकान बायकोच्या भावावर टाकून निघता येतं तुला."

साडू मान डोलावतात. ते सही करणार हे दिसतंच आहे, आणि त्यांनी ती का करू नये याचं एकही कारण मला सापडत नाही. त्यांची मुलं मोठी झाली आहेत, गर्दीचा काळ त्यांना लागत नाही, म्हणून किंमतही बरीच खाली आहे. पैसे रोख आहेत, हप्ता नाही. शिवाय खोली अडवायला मार्गदर्शक घरातच आहे. ज्याच्या रजेची तारीख स्वतःच्या हातात, त्याला ही वस्तू शोभते.

दाजींच्या रजेची तारीख दाजींच्या हातात नाही. वादळ, ट्रान्स्फॉर्मर आणि वरचे साहेब मिळून ती ठरवतात. ताईची सुट्टी पक्की आहे, पण ती लाल आहे. या दोघांना खोली कमी पडत नाही. महाराष्ट्रभर एमटीडीसीची निवासस्थानं आहेत. दापोली-तारकर्लीला घरगुती खोल्या मिळतात, स्वयंपाकघरातून मऊ भातही मिळतो. जुळत नाहीत ते दिवस, आणि ते या हॉलमध्ये विकायला नाहीत. असं एखादं व्याख्यान मी ताईला देणार असतो, पण तिने कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली आहे.

"आम्हाला नको," ती म्हणते. "वस्तू वाईट नाही. आमच्या घरात बसत नाही."

मॅनेजर आणखी दोनदा प्रयत्न करतो. कमी रात्रींची योजना, दहा वर्षांची योजना. ताई प्रत्येक वेळी तेच वाक्य तितक्याच सौम्यपणे म्हणते. कारण दिलं की कारणावर उत्तर येतं, हे तिला वर्गातल्या मुलांनी शिकवलं असावं. अखेर तो उठतो आणि पुढच्या टेबलाकडे जातो. परभणीचा मुलगा मागे राहतो. आज त्याची ही तिसरी बैठक, एकही झालेली नाही. ताई त्याला विचारते जेवलास का. तो म्हणतो, सातनंतर.

व्हाउचर काउंटरवर मिळतं. तीन रात्री, अटी मागच्या बाजूला. खोली मोफत, पण माणशी रोजचा सेवा आकार आधी भरायचा, शनिवार-रविवार नाही, सणांचे दिवस नाहीत, एका व्हाउचरवर दोनच माणसं, तीस दिवस आधी कळवायचं. दाजी सगळं वाचून व्हाउचर तरीही खिशात घालतात. फुकट मिळालेलं टाकायचं कसं?

लिफ्टमध्ये दाजींचं डोकं चालायला लागतं. "तसेही वर्षाला पन्नास हजार गेलेच असते ना? मग महिन्याला चार हजारांची आरडी काढू. सहलीचं खातं. जाऊ तेव्हा मोडू."

"काढा," ताई म्हणते. "पण खातं माझ्या नावावर."

"का?"

"आणि उद्या रजेचा अर्ज टाका. दिवाळीनंतरचे चार दिवस. मंजूर झाला की मी खोली बघते."

"आणि नाही झाला तर?"

"तर आई, ही आणि मी जातो," ताई लिफ्टमधून बाहेर पडत म्हणते. "तुम्ही ट्रान्स्फॉर्मर बघा."